कोपराची परीक्षा

मला शिव्या घालायच्या असतील तर खुशाल घाला, पण आधी पूर्ण ऐकून घ्या. अर्धवट बघून निकाल देणारी माणसं मला आवडत नाहीत, आणि मी स्वतः सोळा वर्षं नेमकं तेच करत आले.

कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची मी दुय्यम प्रशिक्षक. आमची कामाची वाटणी साधी होती. मुख्य प्रशिक्षक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात, ते खेळ बघायचे. उडी किती, हात किती लांब, डाव्या हातानं बॉल आत जातो का, हे त्यांचं खातं. मी स्वभाव बघायचे. दर वर्षी बाहेरच्या शाळांतून वीसेक मुली निवड चाचणीला यायच्या, त्यातल्या तीन-चार घ्यायच्या. त्यांना फी माफ, हॉस्टेल फुकट. सर आपल्या कागदावर दहापैकी गुण द्यायचे आणि मी माझ्या वहीत. माझ्या वहीत पाचाच्या खाली गेली की ती मुलगी गेली, मग सरांनी तिला दहा दिलेले असोत नाहीतर अकरा. पोरी माझ्या पाठीमागे मला 'तराजू' म्हणायच्या. मला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंसुद्धा.

हे वेड माझ्या डोक्यात कुठून शिरलं तेही सांगते. मी एकवीस वर्षांची असताना आमच्या संघात एक मुलगी होती, देवानं अगदी फुरसतीत घडवलेली. बॉल तिच्या हातात आला की आम्ही बाकीच्या चौघी नुसत्या गंमत बघायचो. फायनल संपायला तीन मिनिटं उरली होती, आम्ही अकरा गुणांनी पुढे. समोरच्या एकीनं तिला चिमटा काढला. फक्त चिमटा हो, दुसरं काही नाही. हिनं वळून तिच्या तोंडावर मूठ हाणली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी चार फुटांवरून ऐकला. मग दोन्ही बाकांवरच्या पोरी मैदानात घुसल्या. केस, नखं, बूट, कोण कोणाला हाणतंय काही कळेना. मी सोडवायला गेले. नसता शहाणपणा. कोणीतरी मागून माझ्या अंगावर पडलं, पाय खाली अडकलेला होता, आणि गुडघा ज्या बाजूला वाकत नाही त्या बाजूला वाकला. त्याचाही आवाज आला. तीन ऑपरेशनं झाली. त्या मुलीला दोन सामन्यांची बंदी झाली आणि पुढे ती सहा वर्षं मजेत खेळली. मी एकविसाव्या वर्षी काठी धरली.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं. खेळ शिकवता येतो, स्वभाव शिकवता येत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

पण स्वभाव मोजायचा कसा? मुलाखतीला बसवलं की सगळ्याच गरीब गाई. शाळेचे दाखले बघावेत तर तेही साखरेत घोळलेले. म्हणून मी कोपर शोधून काढलं. चाचणीच्या सामन्यात आमच्या जुन्या खेळाडूंपैकी एक भरवशाची मुलगी नव्या मुलीच्या अंगावर सोडायची. खेळ रंगात आला की मी बाकावर बसून चष्मा काढायचा आणि पुसायचा. तो इशारा. रिबाउंडच्या, म्हणजे बोर्डवरून उडालेला बॉल धरायच्या गर्दीत, पंचांना दिसणार नाही अशा बेतानं, कोपर बरगडीत. तेही जोरात, गुदगुल्या करायला नाही. मग नवी मुलगी काय करते ते बघायचं. उलटा हात उचलला तर बाद. रडत पंचांकडे गेली तर पाच. गपचूप उठून खेळायला लागली तर आठाच्या पुढे. सरांना हे माहीत होतं का? मी चष्मा काढला की सरांना नेमकी तहान लागायची, ते पाणी प्यायला उठायचे. एवढ्यावरून काय ते समजा.

गेली तीन वर्षं हे काम भिंत करत होती. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात असेल, तिथेच राहिलं. रुंद खांद्यांची, कमी बोलणारी, माझ्यावर जीव टाकणारी पोर. तिच्या स्वतःच्या चाचणीत मी तिलाही कोपर खायला लावलं होतं. ती उठली, तोंडातलं रक्त थुंकली आणि "बॉल द्या" म्हणाली. दहापैकी दहा. दुसऱ्या वर्षी मी तिला मारायचं काम दिलं, तेव्हा ती मारून आल्यावर बाथरूममध्ये जाऊन ओकायची. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "अगं वेडे, पुढच्या मोठ्या मारामाऱ्या टाळतोय आपण." ती मान हलवायची. पुढच्या वर्षी ओकणं थांबलं. मला वाटलं, चला, पोर तयार झाली.

त्या वर्षी तीन जागा भरल्या होत्या, एक उरली होती. एके सकाळी मोठे सर फोन नाचवत माझ्या खोलीत आले. "ही बघ. सहा फूट एक इंच. ही आली तर तीन वर्षं आपल्या वाटेला कोणी जाणार नाही."

मी व्हिडिओ बघितला. पोरगी हवेत जायची आणि खाली यायचं विसरायची. अंगावर काटा आला, आणि पाठोपाठ भीतीही वाटली, कारण अशी एक मी बघितलेली होती. मग कागद बघितले. समोरच्या खेळाडूचे दोन दात पाडले म्हणून शाळेनं वर्षभर बंदी घातलेली.

"विषय संपला," मी म्हटलं.

"अगं, घरी तरी जाऊन ये. गुन्हेगाराचंसुद्धा ऐकून घेतात."

गेले. रस्त्याच्या कडेला ट्रकच्या टायरचं दुकान, वर दोन खोल्या. दुकानात मुलीची आई एका टायरवर उभी राहून लोखंडी पहारीनं तो चाकावरून उचकटत होती. दंड असे, की माझ्या गुडघ्यानं लगेच सलाम ठोकला. मला बघून तिनं पहार भिंतीला टेकवली, रॉकेलनं हात पुसले आणि वर हाक मारली, "चिमणे, पाहुण्या आल्यात गं!"

जिन्यावरून चिमणी उतरली. दाराच्या चौकटीला वरच्या बाजूला जुन्या ट्यूबचा जाड तुकडा ठोकलेला होता, डोकं आपटू नये म्हणून. तरी ती सवयीनं वाकूनच आली.

"सातव्या महिन्यात झाली हो, ओंजळीत मावायची," आई म्हणाली. "म्हणून चिमणी. आता चिमणीला पलंग पुरत नाही."

"आई, पुरे ना."

मी गोडगोड बोलणाऱ्यांतली नाही. सरळ विचारलं, "दात का पाडलेस?"

चिमणीच्या आधी आईच बोलली. "हिच्या संघात एक लहानखुरी मुलगी होती. समोरच्या संघातल्या त्या बाईसाहेबांनी तिला तीनदा आडवं केलं. तिसऱ्यांदा तिचा कान फाटला, अर्धा लोंबत होता. पंचांचे डोळे उघडेनात, मग हिनं उघडले. कान वाचला, पण हिचं वर्ष गेलं." तिनं उजवा हात माझ्यापुढे धरला. दोन बोटांची पेरं गायब होती. "हवा भरताना टायर फुटला. त्या दिवसापासून मला एकच ठाऊक, हिनं या दुकानात उभं राहायचं नाही. तिला माझ्या गळ्याची शपथ घातलीय. कोणी काहीही करो, हात उचलायचा नाही. उचललास तर बॉल बंद, खाली ये आणि पहार धर."

"पाळेल?"

"पाळेल. पण मॅडम, मी तिचे हात बांधलेत. आता तिच्यावर कोणी हात टाकला तर बघणारं कोणीतरी पाहिजे. तुम्ही बघाल ना?"

"माझ्याकडे पाठवा. काळजी सोडा," मी म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

परत येताना मनात वेगळंच चाललं होतं. शपथा काय, सगळेच घेतात. त्या नाकाचं हाड मोडणाऱ्या मुलीनंही आदल्या सामन्यानंतर शपथच घेतली होती. कोपर बसलं की खरं काय ते कळेल.

चाचणीच्या दिवशी सकाळी दहा वाजता हॉल भरला. चिमणीची आई धुतलेला शर्ट घालून तिसऱ्या पायरीवर बसली होती. नखांतला काळा मळ तेवढा निघाला नव्हता. तिनं मला लांबून हात केला. मी मान हलवली आणि भिंतीला जवळ बोलावलं.

"आज नीट बघ माझ्याकडे. पोर धोक्याची आहे, कदाचित एकदा पुरणार नाही."

"तुम्ही म्हणाल तितक्यांदा," भिंत म्हणाली.

सामना सुरू झाला आणि पाच मिनिटांत सरांनी पेन खाली ठेवलं. लिहायचं काय? चिमणी दोघींच्या डोक्यांवरून बॉल काढत होती, हवेतच हात बदलत होती. लाकडी जमिनीवर बुटांची नुसती किंचकिंच चालली होती आणि समोरच्या पोरी धापा टाकत एकमेकींवर खेकसत होत्या. दुसरा क्वार्टर निम्मा झाला. मी चष्मा काढला. सर उठून पाणी प्यायला गेले.

बॉल बोर्डवर आपटून वर उडाला, सहा जणी एकदम उडाल्या, आणि भिंतीचं कोपर चिमणीच्या बरगडीत गेलं. 'हुक्' असा आवाज आला. चिमणी गुडघ्यांवर बसली, तोंड उघडं, श्वास येईना. मग उठली. मूठ आवळलेली मी बघितली. पण त्या मुठीत तिनं स्वतःची चड्डी घट्ट धरली होती, दोन्ही बाजूंनी. तशीच दोन पावलं चालली, मग मुठी सोडल्या आणि खेळायला लागली.

आठ. वहीत आठ लिहायला हवं होतं आणि तिथेच थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात ते दोन दात खुळखुळत होते. आई समोर बसलीय म्हणून गप्प असेल. एका कोपरात काय ठरतं? तिसऱ्या क्वार्टरमध्ये मी पुन्हा चष्मा काढला.

या वेळी कोपर तोंडावर बसलं. ओठ फाटून खालपर्यंत आला. हनुवटीवरून रक्ताची धार लागली, जमिनीवर ठिपके पडले, खेळ थांबवून कोणीतरी फडकं आणलं. पंचांनी भिंतीला फाउल दिला आणि विषय संपवला. वर तिसऱ्या पायरीवर आई उभी राहिली. तिनं भिंतीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी हात खाली दाबून खूण केली, बसा, मी आहे. ती बसली.

हे आठवलं की अजून माझं मलाच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

"पुरे आता," सर कुजबुजले. "घेऊया तिला."

"शेवटपर्यंत बघू," मी म्हटलं.

चिमणीनं ओठाला बर्फ लावला, कापूस दाताखाली धरला आणि परत आली. पुन्हा तेच, दोन्ही मुठी चड्डीत, दोन खोल श्वास, आणि बॉल. शेवटच्या क्वार्टरमध्ये भिंत स्वतःच एका पोरीच्या पायात पाय अडकून सपशेल आपटली. अर्ध्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. चिमणी मात्र पळता पळता थांबली, मागे वळली आणि तिनं भिंतीला हात दिला. ज्या पोरीनं तिचा ओठ फाडला तिला बखोटीला धरून उभं केलं, पाठीवर थाप मारली आणि पुढे पळाली.

तीस वर्षांपूर्वीच्या एका मुलीचा राग मी सगळ्यांवर काढत होते, आणि ही बघा, तीच उडी, तोच हात, पण आत सोनं. मी वहीत दहा लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या. डोळे भरून आले, समोरचं धूसर झालं. आणि मी, गाढवीण, डोळे पुसायला चष्मा काढला.

चष्म्याशिवाय मला चार फुटांपलीकडचं दिसत नाही. दोन रंग वर गेलेले दिसले, एक पिवळा, एक निळा. चिमणी पिवळ्यात होती, भिंत निळ्यात. ती रिंगपर्यंत पोचलेली असणार, कारण सगळा हॉल ओरडत होता. मग दोन्ही रंग एकमेकांत मिसळले, पिवळा आडवा झाला आणि खाली आला. त्यानंतर एक आवाज आला. त्या आवाजाची मला कोणी ओळख करून द्यायची गरज नव्हती.

चष्मा लावला. चिमणी जमिनीवर एका कुशीवर पडली होती. डावा डोळा दिसतच नव्हता, त्या जागी सुजलेला लाल गोळा होता. मनगटातून हाडाचं टोक बाहेर आलं होतं. ती ओरडत नव्हती. चांगल्या हाताची मूठ चड्डीत होती.

आई पायऱ्या उतरली कधी ते मला कळलंच नाही. तिनं भिंतीच्या तोंडावर पहिला ठोसा मारला आणि भिंत, जिला तीन वर्षांत कोणी हलवू शकलं नव्हतं, सरळ पाठीवर कोसळली. आई तिच्या छातीवर बसली. दुसरा ठोसा, तिसरा. टायर उचकटणारे हात होते ते. भिंतीचं डोकं जमिनीवर आपटत होतं आणि ती हात वर करत नव्हती, नुसती मार खात होती.

"आई!" चिमणी फाटक्या ओठातून ओरडली. "आई, हात नको! तूच सांगितलंयस ना, हात नको!"

आईचा हात हवेत थांबला. ती उठली. तेवढ्यात सर पळत आले. "अपघात आहे हो, अपघात. खेळात होतं असं कधीकधी. गाडी बोलावलीय."

भिंत कोपरावर उठून बसली. तोंडातून रक्त आणि फेस येत होता. ती आईकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, गोंधळ होता.

"मॅडम, तुम्ही चष्मा काढलात ना?" ती म्हणाली. "मी बघितलं. तीनदा काढलात."

सर छताकडे बघायला लागले.

"म्हणजे?" आईनं मला विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. भिंतीच्या माथी मारून मोकळी झाले असते, सरांनी साक्षही दिली असती. एवढा एक नीचपणा मी केला नाही, पण त्याऐवजी जे केलं तेही काही बरं नव्हतं. "मीच सांगितलं होतं तिला," मी म्हटलं. "आमची परीक्षा असते, राग किती आहे ते बघायची. तिसऱ्या वेळी मी... मला रडू आलं होतं, म्हणून काढला. तुमची मुलगी पास झाली. हे बघा." आणि मी वही पुढे केली. समोर पोरीचं हाड बाहेर आलेलं, आणि मी तिच्या आईला दहापैकी दहा दाखवत होते.

आईनं वहीकडे बघितलं. मग मला मारलं. उघड्या पंजानं, कानाखाली. डोक्यात वीज चमकली, चष्मा उडाला.

आणि माझा हात उठला.

विचार करायला वेळच नव्हता, असं मी नंतर स्वतःला शंभरदा सांगितलं. पण कोणाच्या परीक्षेत मी विचार करायला वेळ दिला होता? माझी मूठ वळली, सगळं अंग तिच्यामागे गेलं आणि ती त्या बाईच्या तोंडावर बसली. बोटांना तिचे दात लागले. तिचा ओठ फुटला, लेकीचा फुटला होता त्याच बाजूला.

मला धूसर दिसत होतं, पण एवढं दिसलं की तिनं पुन्हा हात उचलला नाही. तिनं लेकीकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी स्वतःचा शर्ट घट्ट धरला.

कोणीतरी चष्मा माझ्या हातात आणून दिला. एक काच फुटली होती. दुसऱ्या काचेतून मी बघितलं, आईनं टॉवेल मागून घेतला, चिमणीचा हात छातीशी बांधला आणि तिला उभं केलं. सर मागे-मागे पळत होते. "दवाखान्याचं सगळं कॉलेज बघेल. आणि जागा पक्की हं हिची, शंभर टक्के पक्की. मी शब्द देतो."

"नको," आई म्हणाली. "इथे मारतात."

तिनं चिमणीचे बूट उचलून काखेत धरले आणि दोघी निघाल्या. हॉलचं दार दहा फूट उंच आहे. चिमणी तरी वाकून बाहेर गेली.

मागे भिंत अजून जमिनीवरच बसली होती, एकटी. कोणी तिच्या जवळ जात नव्हतं. मी लंगडत तिच्यापाशी गेले आणि वाकून हात पुढे केला. तिनं झटकन डोकं खाली घातलं आणि दोन्ही हात तोंडावर घेतले.

मी तिला फक्त उठवायला गेले होते.